सतरंज्या उचलायला पोरं, भाषणाला आम्ही



गेल्या काही जिल्हा बैठकांत एक प्रश्न ठरल्यासारखा निघतो. विषयपत्रिका संपते, चहा येतो आणि पहिल्या रांगेतले कोणीतरी आबा टोपी सारखी करीत विचारतात, "बाकी सगळं ठीक आहे, पण चळवळीत तरुण पोरं का येईनात?" मग जो तो आपापले उत्तर सांगतो. मोबाइलने बिघडवली. एमपीएससीच्या नादात शहरात पडून आहेत. पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फलकावर फोटो यावा म्हणून तिकडे पळतात. बापाच्या कर्जाची त्यांना पर्वा नाही. एवढे बोलून झाले की बैठक संपते. मग सतरंज्या उचलायला कोण पुढे येते? तीच पोरं. सकाळपासून दाराशी उभी असतात. सतरंज्या अंथरल्याही त्यांनीच.

या अंकात त्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे ठरवले आहे. ते पहिल्या रांगेला आवडणार नाही. त्या रांगेत मीही बसतो, म्हणून बोलण्याचा मला हक्क आहे. पोरं येत नाहीत हे खोटे आहे. पोरं येतात. आपण त्यांना काम देत नाही, म्हणून ती परत जातात.

तीन सबबी

पहिली सबब मोबाइलची. ज्या मोबाइलला आपण शिव्या घालतो, त्याच्यावरच आज शेतकऱ्याचे निम्मे सरकारी काम चालते. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. सातबाऱ्यावर पेरा शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून चढवायचा. नाही चढवला, तर शेतात कमरेएवढे उभे असलेले पीक कागदावर नाहीच. मग हमीभावाची नोंदणी अडते, मदतीचा अर्ज अडतो. गावागावांत ही नोंद कोणी केली? आपण ज्यांना बिघडलेली म्हणतो त्या पोरांनी. बापाची केली, चुलत्याची केली, शेजारच्या एकट्या राहणाऱ्या काकूची केली. आपण त्याला चळवळीचे काम म्हटले नाही, एवढेच.

दुसरी सबब स्पर्धा परीक्षेची. पोरगं पुण्याला नाहीतर संभाजीनगरला अभ्यासिकेत चार-पाच वर्षे काढते. जागा मूठभर, उमेदवार ढीगभर. शेवटी वय संपते किंवा बापाचे पैसे संपतात, आणि पोरगं मान खाली घालून गावी येते. लग्नाच्या बाजारात त्याला कोणी विचारत नाही. गाव म्हणते, "फेल झाला." अहो, तो राज्यघटना वाचून आला आहे. पंचायत राज, जमीन महसूल, अर्थसंकल्प, सगळे त्याने घोकलेले आहे. जो अभ्यास करवून घ्यायला आपल्याला एरवी शिबिरे भरवावी लागतात, तो स्वतःच्या खर्चाने करून एक माणूस गावात परत आला आहे. आणि आपण त्याला विचारीत नाही की, बाबा, ७३व्या घटनादुरुस्तीने आपल्या ग्रामसभेला काय दिले ते जरा चावडीवर समजावून सांग.

तिसरी सबब पुढाऱ्यांची. पक्ष पोरांना पळवतात हे खरे. पण कसे पळवतात ते पाहा. पक्ष त्याला शाखाप्रमुख करतो, उपाध्यक्ष करतो. कागदावरचे का होईना, नाव देतो. त्यात पोरांचे भले होत नाही. निवडणूक झाली की त्यांना कोणी ओळखत नाही, आणि अंगावर मात्र पोलीस केस राहते. हे पोरांनाही कळते. पण आपल्याकडे काय मिळते? छातीला बिल्ला आणि हातात सतरंजी.

एका वहीची गोष्ट

नावे सांगत नाही, गोष्ट माझ्या डोळ्यांदेखतची आहे. दहाएक वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात एक मुलगा होता. बारावी झालेला, घरी चार एकर कोरडवाहू. बापाबरोबर सोयाबीन घेऊन बाजार समितीत जायचा. तिथे त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. त्याने गावातल्या चाळीस जणांच्या हिशेबपट्ट्या गोळा केल्या आणि शंभर पानी वहीत उतरवून काढल्या. तारीख, आडत्या, वजन, बारदान्याची कपात, हमाली, तोलाई, ओलाव्याची घट, हातात पडलेली रक्कम. एकाच दिवशी, एकाच आडत्याकडे, सारख्याच मालाला दोन शेतकऱ्यांची कपात वेगवेगळी निघाली. ज्याचा माल थोडा, त्याची कपात पोत्यामागे जास्त. ज्याने आडत्याकडून उचल घेतलेली, त्याची त्याहून जास्त.

तो वही घेऊन बैठकीला आला. आम्ही त्याची पाठ थोपटली. "शाब्बास, असे कार्यकर्ते पाहिजेत," असे मी स्वतः म्हणालो. मग आम्ही दीड तास जागतिक बाजारपेठ आणि खाद्यतेलाच्या आयातीवर बोललो. बैठक संपता संपता त्याला काम दिले: पुढच्या सोमवारच्या मोर्चासाठी झेंड्यांना काठ्या जमव. त्याने जमवल्या. वही माझ्याकडे राहिली.

दोन वर्षांनी एका लग्नात तो भेटला. एका कारखान्यात कंत्राटी कामगार झाला होता. पंगतीत शेजारी बसला, इकडची तिकडची विचारपूस झाली, आणि हळूच म्हणाला, "सर, ती वही वाचली का हो?"

मी वाचली नव्हती. त्या रात्री घरी येऊन कपाटातून काढली आणि वाचली. आमच्या तालुक्यात त्या वर्षी झालेल्या सगळ्या भाषणांपेक्षा त्या वहीत जास्त होते. पण ती लढायची वेळ निघून गेली होती आणि लढणाराही निघून गेला होता. तेव्हापासून कोणी "तरुण का येत नाहीत" म्हणाले की मला ती पंगत आठवते.

मी काय शिकलो होतो

माझे स्वतःचे सांगतो. मी कृषी पदवीधर. आमच्या शिक्षणात शेवटच्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभव असतो, पोरं त्याला 'रावे' म्हणतात. आम्हाला एका गावात नेऊन ठेवले. आम्ही शाळेच्या भिंतीवर तक्ते लावले, रायझोबियमची बीजप्रक्रिया करून दाखवली, माती परीक्षणाचे नमुने कसे घ्यायचे ते दाखवले. फोटो वहीत चिकटवले, गुण मिळाले. निरोपाच्या दिवशी एक म्हातारे उभे राहिले. म्हणाले, "पोरांनो, बियाण्याला औषध कसं चोळायचं ते शिकवलंत, बरं झालं. पण बियाणंच उगवलं नाही तर पैसे कोणाकडं मागायचे, ते तुमच्या पुस्तकात आहे का?"

नव्हते. चार वर्षांत कोणी शिकवले नव्हते. शेतकऱ्याने काय करावे हे शंभर तऱ्हांनी शिकवले होते, शेतकऱ्याचे कोणी काय केले हे एका तऱ्हेनेही नाही. महाविद्यालयांतून राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालते. लाखो पोरांनी गावी जाऊन सात दिवसांची शिबिरे केली, रस्ते झाडले, शोषखड्डे खणले. घाम खरा होता, मी त्याला नावे ठेवीत नाही. पण ज्या ग्रामपंचायतीचा रस्ता झाडला, तिच्या झाडलोटीचा पैसा कुठे जातो, हे विचारायला त्या पोरांना कोणी सांगितले नाही. हातात झाडू दिला, जमाखर्चाची वही दिली नाही.

आता तिसरी तऱ्हा निघाली आहे. एखादी संस्था तरुणाला वर्षा-दोन वर्षांची शिष्यवृत्ती देते, परक्या तालुक्यात पाठवते. त्यातली काही पोरं फार मोलाचे काम करतात आणि काही तिथेच कायमची राहतात, त्यांना माझा रामराम. पण बहुतेकांचे काय होते? मुदत संपली की काम संपते. अहवाल वर जातो, गावात त्याची प्रत राहत नाही. ज्या कामाची मुदत देणगीदार ठरवतो, ते काम लोकांचे होत नाही. आणि आपल्या पोरांना वाटू लागते की समाज बदलायचा तर आधी गाव सोडावे लागते, कोणाची तरी निवड व्हावी लागते. मी सांगतो, निवड झालेलीच आहे. तू ज्या महसूल मंडळात जन्मलास तेच तुझे क्षेत्र.

पोरांनी काय केले आहे

तरुण पोरांना जबाबदारी पेलत नाही म्हणणाऱ्यांनी इतिहासाचे एक पान उघडावे. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली तेव्हा जोतीराव २१ वर्षांचे होते आणि सावित्रीबाई १७ वर्षांच्या. त्यांनी कोणत्या ज्येष्ठाकडून पद मागून घेतले नव्हते.

जयप्रकाशांनी १९७५ साली छात्र युवा संघर्ष वाहिनी स्थापन केली, तेव्हा एक नियम घातला: वय वर्षे ३० झाले की सदस्यत्व संपले. नेता असो, शिपाई असो, तिशी आली की जागा मोकळी करायची. बिहारात बोधगयेच्या मठाकडे हजारो एकर जमीन होती. त्याविरुद्ध १९७८ पासून या पोरापोरींनी भूमिहीन मजुरांबरोबर लढा दिला. जमीन मिळाली, आणि देशात जवळपास प्रथमच ती बायकांच्या नावाने लागली. हा हट्ट म्हाताऱ्या पुढाऱ्यांचा नव्हता. चळवळीतल्या पोरींनी आणि मजूर बायांनी तो धरला होता.

त्याच वाहिनीतून बाहेर पडलेले मोहन हिराबाई हिरालाल गडचिरोलीत मेंढा गावी गेले. तिथे देवाजी तोफा आणि गावकरी होते. त्यांनी वर्षानुवर्षे एकच गोष्ट केली: गावात अभ्यासगट चालवला आणि ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेतले. जंगलाचा कायदा वाचला, नकाशा वाचला, नोंदी ठेवल्या. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला, त्यासाठी केंद्राचे मंत्री गावात आले. त्या विजयामागे मोर्चा थोडा आणि वाचन फार होते.

दिल्लीच्या सीमेवर २६ नोव्हेंबर २०२० पासून वर्षभर शेतकरी बसले. ट्रॉलीतल्या तरुण पोरापोरींनी पाहिले की बातम्या आपल्याविषयी भलतेच सांगतात, आणि ट्रॉलीत बसलेल्या म्हाताऱ्यांना व्यासपीठावरचे ऐकूही येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी पंजाबी आणि हिंदीत 'ट्रॉली टाइम्स' काढला. चार पानांचा अंक. तिथल्या पुढाऱ्यांनी त्यांना काठ्या जमवायला पाठवले नाही, हे त्या पुढाऱ्यांचे मोठेपण.

आणि आपला महाराष्ट्र? मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च मुंबईत शिरताना रात्रभर चालला. पाय फुटलेली माणसे पहाटे आझाद मैदानावर पोहोचली. कशासाठी? सकाळी दहावीच्या पोरांना परीक्षेला जाताना अडचण होऊ नये म्हणून. शेतकरी पोरांसाठी एवढा जीव टाकतो. मग त्याच पोरांच्या हातात कामाचा कागद द्यायला आपला हात का आखडतो?

कामे कोणती?

"पण द्यायचे कोणते काम?" असा प्रश्न येईल. चार सांगतो. एकालाही देणगी लागत नाही, परवानगी लागत नाही.

पहिले काम, पीक कापणी प्रयोग. पीकविम्याचे सगळे गणित यावर उभे आहे आणि गावात शंभरात पाच जणांनी तो पाहिलेला नसेल. एक रुपयाचा विमा खरीप २०२३ ला आला, २०२५ ला गेला, आणि त्या खरिपापासून राज्याने भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या उत्पन्नावर बांधली. प्रयोग असा असतो: मंडळातली शेते चिठ्ठी काढल्यासारखी निवडतात. त्या शेतात ठरलेल्या कोपऱ्यापासून ठरलेली पावले मोजून तुकडा आखतात. सोयाबीनसारख्या पिकाला तो १० मीटर बाय ५ मीटर. तेवढ्याची कापणी, मळणी, वजन. ५० चौरस मीटरचे वजन २०० ने गुणले की हेक्टरी उत्पन्न निघते.

आता नीट लक्ष द्या. २०० ने गुणायचे, म्हणजे तुकड्यात एक किलो जास्त भरले तर हेक्टरी दोन क्विंटल जास्त. समजा मंडळाचे उंबरठा उत्पन्न हेक्टरी १० क्विंटल आहे. खरे उत्पन्न ८ आले, तर तूट २० टक्के, म्हणून विमा रकमेच्या २० टक्के भरपाई. पण प्रयोगात तुकड्यामागे किलोभर जास्त धरले गेले, तर ८ चे १० होतात आणि सगळ्या मंडळाची भरपाई शून्य. किलोभर दाण्यात हजारो शेतकऱ्यांचे नशीब! तुकडा बांधालगतच्या भरघोस कडेला आखला, दोरी सैल धरली, माल ओला तोलला, किंवा शेतात न जाता आकडा टेबलावर लिहिला, तर तो किलो कुठूनही येतो. काही पिकांना उपग्रहाचा अंदाजही त्यात मिसळतात. म्हणूनच जमिनीवरचे वजन चोख हवे.

प्रयोग चोरून करायचा नसतो. गावसमितीसमोर करायचा असतो. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांची पदनावे आता बदलली, कामे तीच आहेत. आपल्या मंडळात कोणत्या गटात, कोणत्या तारखेला प्रयोग आहे, ते लेखी विचारा. दोन पोरं तिथे हजर राहू द्या. एकाने टेप पाहायची, एकाने काटा पाहायचा. मोबाइलवर तारीख-वेळेसह फोटो, वहीत आकडा, हजर असलेल्यांच्या सह्या. कर्मचाऱ्याशी हुज्जत घालायची नाही. त्याच्याकडेही कामाचे ओझे आहे आणि नीट काम करणाऱ्याला साक्षीदार हवाच असतो. दोन पोरं, एक दिवस. ज्या मंडळात हे होईल, त्या मंडळात पुढच्या वर्षी मोर्चा काढायची वेळ कदाचित येणारच नाही. आली तर हातात पुरावा असेल.

दुसरे काम, काटा आणि ओलावा. त्या वहीचेच काम. हिशेबपट्टी ही शेतकऱ्याची मार्कशीट आहे आणि आपण ती चुरगाळून खिशात घालतो. ती गोळा करा. २०१६ पासून फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून कापायची नाही, खरेदीदाराने द्यायची. कापली असेल तर पट्टीवर दिसेल, आणि पट्टीच दिली नसेल तर तीच पहिली तक्रार. सोयाबीनला ओलाव्याची घट लावतात. मी कृषीवाला म्हणून गणित सांगतो. १५ टक्के ओलाव्याचे १०० किलो सोयाबीन १२ टक्क्यांवर आणले तर साधारण साडेशहाण्णव किलो राहते. म्हणजे न्याय्य घट साडेतीन किलो. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने ती होते क्विंटलला १८०-१८५ रुपये. व्यापारी यापेक्षा जास्त कापत असेल, तर ती घट ओलाव्याची नाही, लुबाडणुकीची आहे. दहावी पास पोरगं हे गणित ओट्यावर उभे राहून करू शकते. उसाच्या पट्ट्यातल्या पोरांसाठी एक वाक्य: १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत पैसे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. कोणत्या गाळपाचे पैसे कोणत्या तारखेला आले, एवढी यादी करा. व्याजाचा आकडा पाहून तुमचेच डोळे फिरतील.

तिसरे काम, बियाणे. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभर तक्रारींचा पाऊस पडला. तेव्हा हाल झाले ते पावती, पिशवी आणि लेबल फेकून दिलेल्यांचे. मे महिन्यात शाळेच्या व्हरांड्यात पोरांनी बसावे. ज्याने त्याने आपल्या बियाण्याचे शंभर दाणे आणावेत, ओल्या गोणपाटात गुंडाळावेत, आठवड्याने मोजावेत. सोयाबीनला किमान ७० उगवले पाहिजेत. कमी उगवले तर पेरणीपूर्वीच कळले. आणि विकतचे बियाणे असेल तर पावती-लेबलाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवायचा. उगवण फसली तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार, पंचनाम्याची मागणी. त्या निरोप-सभेतल्या आजोबांना द्यायचे उत्तर हे होते. मला ते सापडायला पुढे कितीतरी वर्षे लागली. तुम्हाला एका उन्हाळ्यात सापडेल.

चौथे काम, माहितीचा अधिकार आणि ग्रामसभा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांत एका विषयाचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. नाही आले तर पहिले अपील, मग आयोगाकडे दुसरे. आयोगाकडे वर्षानुवर्षे लागतात, म्हणून प्रश्न नेमका विचारा. "सर्व माहिती द्या" असा अर्ज करणारा स्वतःचाच वेळ घालवतो. अमक्या कामाची मोजमाप पुस्तिका आणि देयक, एवढेच मागा. आणि मिळालेला कागद खिशात ठेवायचा नाही, ग्रामसभेत वाचायचा. कागद दाखवून पैसे मागणारे लोक गावोगाव झाले आहेत. त्यांनी या कायद्याची अब्रू घालवली. आपल्या पोरांसाठी नियम एकच: एकट्याने अर्ज करायचा नाही, एकट्याने मिटवायचा नाही. अठरा वर्षे झाली की ग्रामसभेत मत, एकवीस झाली की पंचायतीला उभे राहण्याचा हक्क. आणखी कोणती संधी हवी?

मुलींचे काय?

वर मी "पोरं, पोरं" करीत आलो, आणि वाचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मिशी फुटलेले मुलगेच आले असणार. हा आपला दुसरा गुन्हा. चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. त्याला किती वर्षे लोटली? आजही आपल्या बैठकीत बाया मागच्या रांगेत आणि चहाच्या टेबलापाशी. "मुलगी उद्या लग्न होऊन जाणार, तिला काम देऊन काय उपयोग?" हे मी आपल्याच कार्यकर्त्यांच्या तोंडून ऐकले आहे. अहो, ती जाते तिथे गाव नसते का? तिथे शेत नसते का? माहेरी हिशेबपट्टी वाचायला शिकलेली पोरगी सासरच्या गावात चळवळ घेऊन जाते. आपल्या एकाही प्रचारकाला जमले नाही ते ती पदराला बांधून नेते. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. बहुतेक गावांत ती रजिस्टरात होते, चावडीत होत नाही. गावातल्या चार शिकलेल्या सुनांनी ती एकदा खरी भरवावी. पहिला ठराव काय येतो ते पाहा. आपल्या मागणीपत्रकात नसलेली गोष्ट येईल, एवढे मी छातीठोक सांगतो.

पोट, पैसा आणि जोखीम

पोरांना खोटे सांगून आणायचे नाही. चळवळीवर पोट भरत नाही. शेती सोडू नका, नोकरी मिळत असेल तर सोडू नका, परीक्षा द्यायची तर द्या. आठवड्याचे चार तास द्या, पण नेमाने द्या. भावनेच्या भरात घरदार सोडून आलेला कार्यकर्ता दोन वर्षांत एकतर थकतो नाहीतर कोणाचा तरी मिंधा होतो. दोन्ही आपण पाहिले आहे.

जोखीमही आहे. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी भर सकाळी खून झाला. कागदाला लोक घाबरतात, म्हणून कागद मागणाऱ्यावर हात टाकतात. ज्या संघटनेला पोरांच्या पाठीशी उभे राहायचे नाही, तिने त्यांना हे काम सांगू नये. अर्ज पोराचा असला तरी त्यावर सही गावातल्या दहा जणांची पाहिजे, आणि त्या दहांत पहिल्या रांगेतले आबा पाहिजेत. अनुभव आहे म्हणता ना? मग तो इथे खर्च करा.

चार ठराव

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीत मी चार ठराव मांडणार आहे. आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे ऐनवेळी कोणी "विषय विषयपत्रिकेवर नव्हता" म्हणायला नको.

एक, प्रत्येक महसूल मंडळात दोन तरुण, त्यातली एक मुलगी, या खरिपाच्या पीक कापणी प्रयोगांसाठी नेमावेत. नावे बैठकीतच लिहावीत.

दोन, त्यांचा पेट्रोलचा, झेरॉक्सचा आणि स्टॅम्पचा खर्च संघटनेच्या निधीतून द्यावा आणि तो हिशेब या पत्रकात छापावा. मंडपाला पैसे निघतात, तर यालाही निघतील.

तीन, प्रत्येक बैठकीचा पहिला तास पोरांनी आणलेल्या आकड्यांचा. आमची भाषणे त्यानंतर, वेळ उरला तर.

चार, जिल्हा कार्यकारिणीत निम्म्या जागा पस्तिशीच्या आतल्यांना. वाहिनीने तीस म्हटले होते, मी पाच वर्षांची सूट दिली आहे. माझी स्वतःची पस्तिशी केव्हाच उलटली, तेव्हा माझी जागा मी आजच मोकळी धरतो. सल्ला कोणी मागितला तर देईन, नाही मागितला तर काटा धरायला येईन.

आणि पोरांनो, तुम्हालाही एक सांगणे. कोणी बोलावील याची वाट पाहू नका. शंभर पानी वही विकत घ्या. तुमच्या गावातल्या दहा घरांच्या हिशेबपट्ट्या, नाहीतर दहा घरांचे बियाणे, नाहीतर एका प्रयोगाचे वजन, जे हाताला लागेल ते लिहून काढा आणि बैठकीला घेऊन या. दाराशी उभे राहू नका, पुढे या आणि वाचून दाखवा. कोणी "शाब्बास" म्हणून वही ठेवून घेऊ लागले, तर देऊ नका. विचारा, "वाचणार कधी?"

त्या दिवशी सतरंज्या आम्ही उचलू.